मास्तरांचा करगोटा

जेवताना मास्तर पानावर डावा हात आडवा धरत. वाढणारी बाई अजून दोन पानं पलीकडे असायची, तेवढ्यात तो हात येऊन बसायचा. बोटं जुळलेली, तळवा सपाट, आणि नजर पानाकडे नाही तर समोरच्या भिंतीकडे. आग्रह करणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या. हात बाजूला सारून भात वाढणाऱ्या, मागून येऊन तुपाची धार सोडणाऱ्या. मास्तरांच्या हातापुढे त्यातली एकही टिकली नाही.

मी तो हात पहिल्यांदा पाहिला तो अलिबागेत बिऱ्हाड केलं त्याच दिवशी. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे हे कोर्टात कारकून लागले होते आणि समुद्राकडच्या आळीत मास्तरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हांला मिळाल्या होत्या. आमची चूल अजून मांडायची होती, म्हणून मास्तरांच्या बायकोने, माईंनी, जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधातलं वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि वर वाफाळता भात असा बेत होता. मला सपाटून भूक लागली होती. मास्तरांनी अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक घेतलं, बिरड्याचे दाणे रसातून निथळून खाल्ले आणि हात आडवा धरला. घरमालकच उठतायत म्हटल्यावर मी नवी नवरी काय करणार? मीही घाबरून पानावर हात धरला.

"अगो, तू कशाला?" माई हसायलाच लागल्या. "तू जेव पोटभर. आमच्याकडे हे असंच चालायचं."

मास्तर भिंतीकडे बघतच म्हणाले, "सूनबाई, पानावरून उठताना पोटाने आणखी मागितलं पाहिजे. नाही मागितलं तर समजायचं, आपलं चुकलं." आणि ते उठून गेले. मी मात्र दोनदा भात घेतला.

मास्तर हायस्कुलात ड्रिल शिकवायचे. उंचीने चांगले, खांदे रुंद, मनगटं जाड. पण त्या सगळ्यावर मांस असं नाहीच. मोठ्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरात एकटा माणूस राहत असावा तसे ते दिसायचे. पहाटे अनवाणी समुद्रावर जायचे. ओहोटी असली की किल्ल्यापर्यंत, भरती असली की वाळूवरून खाडीच्या तोंडापर्यंत. आज अलिबागच्या किनाऱ्यावर सकाळी बूट घालून चालणाऱ्यांची जत्रा असते. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि मी टाळते. तेव्हा बिनकामाचं चालणारा माणूस गावात एकच होता. रेशनचे दिवस होते. लोकांना पोटभर मिळत नव्हतं, आणि हा गृहस्थ स्वतःची नारळी-पोफळीची वाडी असून खात नव्हता. वाडीत कामाला धर्मा नावाचा गडी यायचा. तो तोंडावर विचारायचा, "मास्तर, देवानं दिलंय तर खायाचं सोडून एवडं चालता कशापायी? आमी चालतो ते पोटासाठी."

"मी पण पोटासाठीच चालतो, धर्मा," मास्तर म्हणायचे. "तू भरायला, मी उतरवायला."

त्यांच्या कमरेला काळा करगोटा होता. तसा तो तेव्हा सगळ्याच पुरुषांच्या कमरेला असे. कोणी त्यात लंगोट अडकवी, कोणी किल्ली बांधी. मास्तरांचा करगोटा वजनकाट्याचं काम करी. कोळीवाड्यातून जाळ्याचं पक्कं सूत आणून ते स्वतः तो वळायचे, आणि जुना झिजला की त्याच्याच मापाचा नवा बांधायचे. सकाळी विहिरीवर आंघोळ झाली की करगोटा आणि कंबर यांच्यामध्ये एक बोट घालून पाहायचे. बोट सहज गेलं तर ठीक. अडलं तर त्या दिवशी नुसतं ताक. शाळेत पोरं त्यांना मागून 'करगोटे मास्तर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

हे वेड कुठून आलं ते मला माईंनी सांगितलं. विळीवर बसून नारळ खवत होत्या. त्या घरात नारळ खवला जाई तो आल्यागेल्यासाठी आणि देवासाठी. मास्तरांचे वडील, आबा, अंगाने अवाढव्य होते. गावाला त्यांच्या खाण्याचं कौतुक होतं. आबा पंगतीला बसले की वाढपी एकमेकांना खुणा करत, आणि झोपाळ्यावर बसले की कड्या कुरकुरत. जाड माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, असा तो काळ. आबांचे दोघे भाऊही तसेच होते आणि तिघांतल्या एकानेही पन्नाशी पाहिली नाही. आबा गेले तेव्हा मास्तर मॅट्रिकला होते. तिरडी उचलली ती कशीबशी, माणसं बदलत बदलत. बाजारपेठेच्या वळणावर तिचा बांबू मोडला आणि आबा रस्त्यावर आले.

"लोक धावले हो," माई म्हणाल्या. "पण कोणीतरी हसलं. मुद्दाम नसेल, पण हसलं. मग वाडीतली नारळाची बैलगाडी आणली आणि तिच्यातून नेलं. हे गाडीमागून चालत होते. गावात अजून म्हणतात ना, आबांची गाडी. ते याच्यावरून."

म्हणून मास्तर उठता-बसता म्हणत, "मला चारच खांदे लागले पाहिजेत." पहिल्या वेळी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तरणाताठा माणूस, जेवणाच्या गोष्टी चालल्या असताना तिरडीच्या मापाचं बोलतो! पुढे सवय झाली. सणावारी कोणी आग्रह केला की ते तेच म्हणायचे, अगदी सौम्य आवाजात, आणि आग्रह करणारी बाई गप्प होऊन पुढच्या पानाकडे वळायची.

स्वतःपुरतं असतं तर मला त्याचं काही वाटलं नसतं. पण त्यांना मंदा होती, एकुलती एक. आम्ही राहायला गेलो तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. गोल चेहरा, गोल मनगटं, आणि चालायची ती जरा डुलत. ती जन्मली तेव्हा आळीतल्या म्हाताऱ्या बायका बघायला आल्या नि म्हणाल्या, "आबाच आले हो परत!" त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. माई सांगायच्या, ते ऐकून मास्तर जे उठून समुद्रावर गेले ते संध्याकाळी परतले.

लहान मुलींच्या कमरेला असतो तसा मंदाच्या कमरेलाही काळा दोरा होता. मुली परकर नेसायला लागल्या की तो निघतो. मंदाचा निघाला नाही. दर वाढदिवसाला, वैशाखात, मास्तर तो सोडायचे आणि नवा बांधायचे. पोर वाढत होती, म्हणून माप वाढवावं लागे. पण किती वाढवायचं यावर ते आदल्या दिवसापासून विचार करत. गाठ स्वतःच मारायचे. मंदा लहान होती तोवर दर शनिवारी तिच्या दोऱ्यात स्वतः बोट घालून बघत. ती मोठी झाल्यावर ते काम माईंकडे आलं. "एक बोट?" असं मास्तर ओटीवरून विचारायचे. "एक बोट," असं माई आतून सांगायच्या. माई बोट घालतच नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मंदाला सकाळी नाचणीची अर्धी भाकरी, दुपारी भाताची एक मूद, रात्री पालेभाजी आणि ताक. खोबरं नाही, तूप नाही, आंब्याच्या दिवसांत आंब्याची एक फोड. आणि तरी ती गोलच. उपाशी राहून राहून चेहरा ओढला, पण अंग काही उतरलं नाही. मास्तरांना वाटायचं, ही कुठेतरी चोरून खाते. खायचीच. माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार तिच्या चांगलं ओळखीचं होतं. दुपारी मास्तर शाळेत असले की यायची आणि पाटावर बसायची. मी भात, आमटी, वर खोबऱ्याची चटणी वाढायचे. ती जेवायची ती मान खाली घालून, एक शब्द न बोलता, आणि पुरे असं कधी म्हणायची नाही. मी वाढायची थांबले की ती थांबायची. मला त्या वेळी मास्तरांचा इतका राग यायचा की संध्याकाळी ते अंगणात दिसले तरी मी बोलायची नाही.

एका गणपतीत मी त्यांच्याकडे मोदक वळायला गेले होते. नैवेद्य झाला, पानं मांडली, माईंनी मंदाला एक मोदक वाढला. तो तिने दोन घासांत संपवला. माई दुसरा घेऊन आल्या, तोच मास्तरांचा हात आला. स्वतःच्या पानावर नाही, मंदाच्या पानावर. मंदाने त्या हाताकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, मी आबांसारखी दिसते म्हणून मी आबांसारखीच मरणार का?"

अकरा-बारा वर्षांची असेल. तिच्या आवाजात रडं नव्हतं, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. हात तसाच राहिला, पण नजर भिंतीवरून सुटून पोरीच्या तोंडावर खिळली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस कठोर नाही, भ्यालेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर पाणी काढत होते. मास्तर थोडं अंतर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही मंदाला खायला घालता हे मला माहीत आहे, सूनबाई."

मी कळशी खाली ठेवली. म्हटलं आता भांडण होणार, आणि होऊन जाऊ दे एकदाचं.

"मला राग नाही," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरच्या. तुम्हांला ती गोड दिसते. मला तिच्या जागी बैलगाडी दिसते. अंग वाढवायला अक्कल लागत नाही हो. आवरायला लागते, आणि आमच्या रक्ताला ते सांगूनही कळत नाही. मी मेलो तरी चालेल, पण पन्नाशीच्या पलीकडे ही पोर धडधाकट गेली पाहिजे. एवढंच मागणं आहे माझं."

मी कळशी उचलली आणि घरी आले. मंदाला खायला घालणं मात्र मी थांबवलं नाही.

वर्षं गेली. मंदा हायस्कुलात जाऊ लागली. मास्तर स्वतः आबा ज्या वयात गेले त्या वयाजवळ येत चालले, आणि ते चालणं वाढवत गेले. बोलणं कमी झालं. अंगणातून जाताना थांबून मधेच स्वतःच्या छातीवर हात ठेवायचे. माई म्हणायच्या, "हे वर्ष सरलं की सुटले बाई एकदाची."

आणि त्याच वर्षी मास्तर बारीक व्हायला लागले. म्हणजे होते त्याहून बारीक. करगोट्यात एका बोटाच्या जागी दोन बोटं जाऊ लागली, मग चार. खाणं कमी केलं नव्हतं, उलट भूक वाढली होती. माईंनी वाढलेली भाकरी संपवून ते चक्क दुसरी मागायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांना मागताना पाहिलं नव्हतं. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि सांगायचे, "पाणी अंगातलं सगळं धुऊन नेतं." चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्यालाही हसू यावं. एकदा विहिरीवरून येताना त्यांनी आमच्या ह्यांना अडवलं, करगोटा पंच्याच्या वर ओढून दाखवला आणि म्हणाले, "बघा. सबंध मूठ जाते. आबांचं रक्त हरलं."

त्यांच्याच वाडीत, घरामागे, एक जुना माड होता. मास्तर लघवीला त्याच्या आळ्यात जायचे. वाडीवाल्यांची ती रीतच होती, माडालाही बरं असतं म्हणून. त्या पावसाळ्याच्या शेवटी त्या माडाला मुंग्या लागल्या. काळ्या मुंग्यांची रांगच्या रांग, सकाळ-संध्याकाळ, बुंध्याशी. धर्माने बघितलं आणि तो माईंना म्हणाला, "माई, ह्यो माड आतून किडला हाय. गोड सुटलाय त्याला. मीठ घालूया, चुना लावूया." माईंनी हो म्हटलं. धर्माने बुंध्याला चुना फासला, आळ्यात मिठाची पाटी ओतली. मुंग्या हटल्या नाहीत. मग राख टाकली, मग तंबाखूचं पाणी ओतलं. मास्तर स्वतः उभे राहून सूचना करत होते. आम्ही सगळे त्या माडाच्या काळजीत होतो.

त्या वर्षीचा गणपती मी विसरणार नाही. मास्तर पानावर बसले, मोदक आला आणि हात आडवा झाला नाही. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग स्वतः उठून माईंच्या हातातलं ताट घेतलं आणि मंदाच्या पानावर मोदक वाढले. वरून तूप घातलं. मंदा पंधरा-सोळा वर्षांची, मोदकांकडे बघत नुसती बसून राहिली. तिला कळेचना काय करायचं.

"खा," मास्तर म्हणाले. "माझं उतरलं तर तुझंही उतरेल. उगीच घाबरलो मी एवढी वर्षं. आता वैशाखात तुझा दोरा कायमचा काढून टाकू."

मंदाने खाल्ले. आणि मग त्या घरात हसण्याचे आवाज येऊ लागले. मास्तर बाजारातून खाजं आणायचे, बाप-लेक ओटीवर बसून खायचे. शहाळी उतरवली जायची. माईंच्या अंगावर तेज आलं. ते चार-सहा महिने त्यांच्या संसारातले एकुलते सुखाचे महिने होते असं मी म्हणते.

माघात किल्ल्याकडून परतताना खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने मास्तरांचा अंगठा कापला. ओटीवर रक्ताचे ठसे उमटले ते बघून मंदा ओरडली, तेव्हा त्यांना कळलं. "दुखत नाही काही," असं म्हणून त्यांनी हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रावर गेले. जखम भरेना. दुखतही नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. फाल्गुनात अंगठा काळा पडला आणि घरभर वास यायला लागला, तेव्हा आमचे हे जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "घरात कोणाला मधुमेह होता?"

"वडील जाड होते," मास्तर म्हणाले. "काकाही जाड होते."

"जाडीचं नाही विचारत मी. तहान फार लागते का? लघवी करता तिथे जमिनीवर मुंग्या लागतात का?"

माई दारात उभ्या होत्या. त्या हळूच उंबऱ्यावर बसल्या. "म्हणजे माडाला नव्हत्या तर," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

डॉक्टरांनी दवाखान्यातून सामान मागवून तिथेच परीक्षा केली. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. मंदा भिंतीला टेकून ती नळी बघत होती.

"तुमच्या वडिलांना हेच असणार," डॉक्टर म्हणाले. "काकांनाही. हे रक्तातून येतं. तुम्ही अंग राखलंत, चाललात, म्हणून इतकी वर्षं लांबलं असेल. पण या वर्षात बारीक झालात ते तुम्ही नाही झालात, मास्तर. या रोगाने केलंय. खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं. तेव्हाच यायला हवं होतं तुम्ही."

मास्तरांनी आपल्या हाडकुळ्या मांड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मी जिंकलो नव्हतो."

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, पण पाय हाताबाहेर गेला होता. मुंबईला नेऊन कापायला हवा, असं त्यांनी सांगितलं. मास्तर म्हणाले, "कापा. तेवढाच आणखी हलका होईन." रेवसहून लाँच धरून न्यायचं ठरलं, आमच्या ह्यांनी रजा टाकली, माईंनी वळकटी बांधली. पण निघायच्या आदल्या दिवशी अंगात ताप भरला आणि डॉक्टरांनी मानेनेच नको म्हटलं. विष वर चढलं होतं.

त्या दिवशी दुपारी मास्तरांनी मंदाला हाक मारली आणि माईंकडे कात्री मागितली. मी पायाशी बसून त्यांचे पाय शेकत होते. "वैशाखाला कोण थांबतो," ते म्हणाले. "इकडे ये, पोरी. तुझा दोरा सोडतो." मंदा कॉटला टेकून उभी राहिली. त्यांनी चोळीखालून दोरा चाचपला. तो इतका घट्ट रुतला होता की त्याखाली कात्रीचं पातं जाईना, आणि गाठ भिजून सुकून दगडासारखी झाली होती. त्यांनी नखांनी ओढली. त्यांची बोटं गाठीवर जात आणि घसरत. मी म्हटलं, मी सोडते. त्यांनी मान हलवली. "मी मारलीय. मीच सोडणार." पुन्हा चाचपलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि थकून हात खाली टाकला.

"उजेड गेला," ते म्हणाले. "आता दिसत नाही. उद्या सकाळी सोडतो."

बाहेर अंगणात फाल्गुनातलं भर दुपारचं ऊन तापलं होतं. माईंनी माझ्याकडे पाहिलं. मंदाने बापाचा हात उशीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "बरं, उद्या."

सकाळी मास्तर गेले. आबा गेले त्या वयाच्या अलीकडे की पलीकडे, ते पाहायचं कोणाला सुचलं नाही. पुरुषांनी अंगणात आंघोळ घातली आणि रीतीप्रमाणे करगोटा तोडायला गेले, तर तो तोडावा लागलाच नाही. सैल होऊन मांड्यांपर्यंत उतरला होता. पायांतून काढून घेतला, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं. तिरडी नेहमीच्याच रस्त्याने, बाजारपेठेच्या वळणावरून गेली. हे खांदेकरी होते.

स्मशानातून आले आणि हे अंगणात पाय धूत होते. मंदा ओटीच्या खांबाला धरून उभी होती. तिने विचारलं, "दादा, बाबा जड झाले का हो?"

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. "नाही गं," ते म्हणाले. "चारच जण होतो. खांदासुद्धा बदलला नाही."

तिने मान डोलावली आणि ती आत गेली. तिच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. तेराव्यापर्यंत नव्हतं, नंतरही नव्हतं. माईंनी दोनदा कात्री घेतली आणि तिला जवळ बोलावलं. दोन्ही वेळा ती मागे सरली. "नको. बाबा सोडणार होते," म्हणाली. तिसऱ्यांदा माईंनी विचारलं नाही. वैशाखात वाढदिवस आला आणि गेला, दोरा तसाच राहिला. तिचं खाणं आता कोणी अडवत नव्हतं. डॉक्टरांनी तिचीही तशीच परीक्षा केली, नळी निळीच राहिली. जपून खा, चालत राहा, दरवर्षी येऊन दाखव आणि सुखाने राहा, असं त्यांनी सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "दरवर्षी?"

श्रावणात एका दुपारी ती माझ्या मागच्या दारात आली. मूठ मिटलेली होती. "वहिनी, तुटला," ती म्हणाली. रहाट ओढताना कमरेत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि खाली बघते तर दोरा पायाशी पडलेला. तिने मूठ उघडली. एका जागी झिजून तुटला होता. गाठ मात्र अजून तशीच घट्ट होती. मग ती रडली. मास्तर गेले त्या दिवसाचं, त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांचं रडं ते. मी तिला धरून बसले आणि माझाही पदर भिजला.

रडणं ओसरल्यावर मी तिला पाटावर बसवलं. सकाळचा नारळीभात होता. गूळ-खोबऱ्याचा, तूप सोडलेला. मास्तर असताना तिला जो कधी पोटभर मिळाला नव्हता, तो. मी पानावर वाढला, आणि म्हटलं आज हिला मनसोक्त जेवू देते. ती मान खाली घालून जेवत होती, नेहमीसारखी. पानातला संपत आला तशी मी भात घेऊन पुढे वाकले.

मंदाने पानावर डावा हात आडवा धरला. बोटं जुळलेली, तळवा सपाट, आणि नजर समोरच्या भिंतीकडे. मी भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिले.